भाऊच्या धक्क्यावरून

मुंबई पाहायला आलेला पाहुणा राणीची बाग पाहतो, चौपाटीवर भेळ खातो आणि शेवटी गेटवे ऑफ इंडियासमोर येऊन उभा राहतो. तिथे लाँचवाले हाका मारीत असतात. पाहुणा तिकीट काढतो, घारापुरीला जाऊन येतो आणि समुद्राची सफर झाली म्हणून समाधानाने घरी परततो. त्याच सुमारास तिथून चार-पाच किलोमीटरवर, माझगावच्या बाजूला, भाऊच्या धक्क्यावर दुसरीच एक रांग लागलेली असते. तिच्यात उरणच्या बाजूची भाजीवाली असते, अलिबागकडचा नोकरदार असतो, इस्पितळातून घरी निघालेला म्हातारा आणि त्याची पिशवी सांभाळणारी सून असते. एखादा तर मोटारसायकल ढकलीत लाँचीत चढवीत असतो. यांपैकी कोणी सफरीला आलेला नाही. ते आपले घरी चालले आहेत.

वाचकहो, या दोन रांगांचा समुद्र एकच आहे. पण पहिल्या रांगेविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि दुसरीची आठवण अपघात झाला की मगच होते. म्हणून आज आपण त्या दुसऱ्या रांगेचा इतिहास पाहू. आणि तो पाहिल्यावर तुम्हालाही, पहिल्या रांगेतल्या माणसाने या दुसऱ्या रांगेत येऊन उभे राहावे असे वाटले, तर मला नवल वाटणार नाही.

होडीने माणसे पैलतीरी नेण्याच्या सोयीला आपल्या भाषेत जुना, सुटसुटीत शब्द आहे : 'तर'. नदीवरची तर, खाडीवरची तर. मुंबई हे शहर मुळात अशा तरींचेच शहर होते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे आपण शाळेत पाठ केलेली आहेत. पण या बेटांवरचा माणूस एका बेटावरून दुसऱ्यावर जात कसा असे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. उत्तर सोपे आहे. ओहोटी असली तर चिखल तुडवीत आणि भरती असली तर होडीने. दिवसाचे वेळापत्रक घड्याळ ठरवीत नसे, चंद्र ठरवीत असे.

मग बांध आले. महालक्ष्मीजवळचा वरळीचा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांध साष्टीच्या बाजूला जाऊन मिळाला. १८३८ साली कुलाब्याचा रस्ता झाला आणि तिथली होडी थांबली. राहिली माहीम आणि वांद्रे यांमधली खाडी. या खाडीत १८४१ साली वादळात उतारूंच्या कित्येक होड्या उलटल्या. बांध घालावा अशी लोकांची मागणी होती, पण सरकार खर्चाला तयार नव्हते. शेवटी लेडी आवाबाई जमशेटजी जिजीभॉय या बाईंनी १ लाख ५७ हजार रुपये आपल्या पदरचे दिले, आणि अट अशी घातली की या बांधावर कोणाकडून पट्टी घेऊ नये. १८४५ साली बांध खुला झाला. आज माहीमहून वांद्र्याला बसने जाताना आपण खाडी ओलांडतो हेसुद्धा ध्यानात येत नाही. त्या रस्त्याखाली एक तर गाडली गेली आहे, आणि बुडालेल्या होड्यांतली माणसे त्या रस्त्याचे खरे कारण आहेत.

बरे, ही झाली शहराच्या पोटातली पाणवाट. शहराबाहेर जायचे तरी दुसरी वाट कुठे होती? पुण्याला निघालेला माणूस आधी होडीत बसे. बंदर ओलांडून, खाडीने वर जाऊन पनवेलला उतरे आणि तिथून घाटाला लागे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा सुखाची वाट झाली म्हणतात, पण तीही पनवेलच्या बंदरापासूनच. महाबळेश्वरला हवा खायला निघालेले साहेब लोक नागोठण्यापर्यंत किंवा बाणकोटपर्यंत पाण्यानेच जात. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. पुढे दहा वर्षांत ती बोरघाट चढली आणि पनवेलच्या होड्यांचा मोठा उतारू रुळावर गेला. त्या स्टेशनाचे नावच पाहा ना : बोरीबंदर! आगगाडीचे पहिले ठाणे बंदराच्या नावाने ओळखले गेले, यातच त्या काळची रहदारी कोणत्या वाटेने होती ते कळून येते.

आता धक्क्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर होडी लागली तरी उतारूच्या पायाला जमीन लागत नसे. ओहोटीला तर पाणी आणि काठ यांच्या मध्ये चिखलाचा पट्टाच पडे. सामानसुमान, बायकामुले, आजारी माणूस, सगळ्यांना त्यातूनच जावे लागे. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य नावाचे एक उद्योगी गृहस्थ त्या वेळी मुंबईत होते. लोक त्यांना भाऊ म्हणत. या भाऊंनी भराव घालून उतारूंसाठी पक्का धक्का बांधला. सरकारी दप्तरात गव्हर्नर आणि सरदार यांची नावे बंदरांना मिळाली. लोकांनी मात्र या धक्क्याला भाऊंचे नाव दिले आणि ते सोडले नाही. पुढे प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, अलेक्झांड्रा डॉक अशा मोठमोठ्या गोद्या झाल्या, किनारा समुद्रात पुढे सरकला, आणि त्याबरोबर धक्काही मूळ जागेवरून हलला. इंग्रजीत त्याचे नाव 'फेरी वार्फ'. पण डॉकयार्ड रोड स्टेशनावर उतरून टॅक्सीवाल्याला फेरी वार्फ सांगून पाहा. तो तुम्हालाच विचारील, 'म्हणजे भाऊचा धक्का ना?'

वाफेची आगबोट आली आणि या धक्क्यांवर गर्दी उसळली. इथून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले आणि पार पणजीपर्यंत बोटी जात. गिरणीत काम करणारा चाकरमानी शिमग्याला गावी जायचा तो याच वाटेने. बंदरात बोट किनाऱ्याला लागत नसे; ती दूर पाण्यात नांगर टाकी आणि पडाव येऊन माणसे उतरवून घेई. लाटेवर पडाव वर येई, त्या क्षणी खलाशी हाताला धरून बाईमाणसाला खाली घेई. त्या एका क्षणाच्या आठवणी कोकणातल्या घराघरांत सांगितल्या जात. पावसाळ्यात या लांबच्या बोटी बंद असत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मग वाहतूक पुन्हा सुरू. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही कोकण बोट कायमची थांबली आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तिची आठवण काढणारेही कमी झाले.

बंदरातल्या जवळच्या फेऱ्या मात्र पावसाळ्यातही चालत : उरणसाठी मोरा बंदर, अलिबागसाठी रेवस आणि आत खाडीत धरमतर. याच फेरीवर १७ जुलै १९४७ रोजी जे घडले ते मुंबई-कोकणच्या समुद्राच्या इतिहासातले सर्वांत काळे पान आहे. दिवस आषाढी अमावास्येचा, गटारीचा. सुट्टीमुळे गर्दी मोठी. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' नावाची बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. थोड्याच वेळात वारा आणि पाऊस यांनी तिला गाठले. लाटेचे पाणी आत आले, भेदरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट कलती झाली ती सावरलीच नाही. मुंबईपासून अवघ्या काही मैलांवर, काशाच्या खडकाजवळ ती बुडाली. सहाशेंवर माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे कित्येक तास शहराला वार्ताच नव्हती. वाचलेली माणसे हाती लागेल ते धरून किनाऱ्याला लागली तेव्हा मुंबईला कळले. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळी बांधवांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकून माणसे वर ओढली, असे त्या किनाऱ्यावर आजही सांगतात. अवघ्या चार आठवड्यांनी स्वातंत्र्याचा दिवस उजाडला. देशभर दिवे लागले, पण गिरगाव-परळच्या कितीतरी बिऱ्हाडांत आणि अलिबाग तालुक्यातल्या गावागावांत त्या दिव्यांकडे पाहण्याचे बळ कोणाला होते?

त्याआधी वीस वर्षे, १९२७ च्या नोव्हेंबरात, 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच तुफानात गेल्या होत्या. म्हणजे समुद्राने इशारा दिला नव्हता असे नाही. मग लोक बोटीत का बसत? बसत, कारण दुसरी वाट नव्हती. हौस म्हणून जाणारा माणूस आभाळ भरून आले तर बेत रद्द करतो. ज्याचे घर पैलतीरी आहे त्याला तशी सोय नसते. धक्क्यावरच्या सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून आधी त्याचा आहे.

स्वातंत्र्यानंतर रस्ते वाढले. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला. रायगड जिल्ह्यातली गावे एसटीने आणि पुढे मोटारींनी मुंबईला जोडली गेली. त्यावर कळस म्हणजे १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला अटल सेतू. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा हा पूल जवळजवळ २२ किलोमीटर लांबीचा आहे आणि त्यातला साडेसोळा किलोमीटर भाग समुद्रावर आहे. त्याच दिवशी उरणला लोकलगाडीही पोहोचली. आता लाँचीचे दिवस भरले, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले.

भरले का? पाहू या. अटल सेतूवर मोटार जाते, बस जाते. पण मोटारसायकल, स्कूटर आणि रिक्षा यांना तिथे मज्जाव आहे. ज्याची सारी मालमत्ता म्हणजे एक दुचाकी, त्याने काय करायचे? तो ती दुचाकी लाँचीत चढवतो. रेवसच्या, मोऱ्याच्या लाँचीत उतारूंच्या गुडघ्यांना टेकून उभ्या असलेल्या त्या मोटारसायकली पाहिल्या म्हणजे लक्षात येते की पूल कितीही मोठा झाला तरी तो सगळ्यांचा होत नाही. उत्तरेकडेही हेच. वर्सोव्याहून मढला तरीने पाच-सात मिनिटे लागतात. रस्त्याने मालाडवरून वळसा घालायचा तर वीस किलोमीटरच्या वर जावे लागते. मार्वे आणि मनोरी यांमधली तर, बोरिवलीकडून गोराईला जाणारी तर, यांची कथा निराळी नाही. तिथेही पुलांच्या योजना आखल्या गेल्या आहेत. पण योजना कागदावर असते तोवर कोळीणबाईची पाटी बाजारात वेळेवर पोहोचली पाहिजे ना! ते काम तर करते.

नव्या तऱ्हेच्या पाणवाटाही करून पाहिल्या गेल्या. १९९० च्या दशकात होव्हरक्राफ्ट आले, लोकांनी कौतुकाने पाहिले आणि काही वर्षांत ते बंद पडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाली, पण भाडे रोजच्या नोकरदाराच्या खिशाला पेलणारे नव्हते, आणि प्रतिसाद बेताचाच राहिला. याउलट मोटारी वाहून नेणारी मोठी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाऊ लागली. ग्रीसमध्ये बांधलेल्या या बोटीत सुमारे दीडशे वाहने आणि पाचशे माणसे मावतात, आणि रस्त्याने तीन-चार तास घेणारी वाट ती तासाभरात संपवते. ती टिकली. फेब्रुवारी २०२४ पासून वसई आणि भाईंदर यांच्यामध्येही अशी बोट चालू झाली. खाडी ओलांडायची ती साडेतीन किलोमीटर, पण रस्त्याचा फेरा त्याच्या दसपट. टिकते कोणती आणि बुडते कोणती, याचा हिशेब अवघड नाही. जी रोज जाणाऱ्याच्या उपयोगी पडते आणि त्याला परवडते ती टिकते. नुसत्या नवलावर चालणारी बोट नवल संपले की थांबते.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे ठीक, पण आम्हाला समुद्र पाहायचा आहे त्याचे काय? तर पाहा की! फक्त नीट पाहा. त्यासाठी एक-दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट भरती-ओहोटीची. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी पाणी पाच मीटरपर्यंत चढते-उतरते. मोरा बंदराकडे गाळ साचलेला असल्याने मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि फेऱ्या थांबवाव्या लागतात. रेवसलाही तोच त्रास. म्हणून निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. वेळापत्रक नसले तरी आपल्या आजोबांचा हिशेब आहेच : तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आतबाहेर. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब पंचांगवाल्यांनी नव्हे, कोळ्यांनी जपला आहे.

दुसरी गोष्ट ऋतूची. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँची पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवस आणि मोरा यांच्या फेऱ्या हवामान पाहून पावसाळ्यातही चालतात. हिवाळ्यात गेलात तर परदेशातून आलेले कुरव पक्षी लाँचीमागे थव्याने येतात. त्यांना फरसाण टाकण्याचा मोह आवरावा. त्यांच्या पोटाला ते मानवत नाही.

लाँच सुटली की आधी मागे वळून पाहा. गेटवेची कमान आणि १९०३ साली उघडलेले ताजमहाल हॉटेल पाण्यावरून दिसतात तसे रस्त्यावरून कधीच दिसत नाहीत, कारण ती कमान बांधली गेली समुद्रावरून येणाऱ्याने पाहावी म्हणूनच. मूळ जागा पालवाबंदर. १९११ साली बादशहा आले त्याची आठवण म्हणून तिथे हे बांधकाम ठरले आणि डिसेंबर १९२४ मध्ये ते खुले झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये इंग्रज फौजेची शेवटची तुकडी त्याच कमानीखालून बोटीत चढून गेली. येण्याची शोभा म्हणून बांधलेले दार जाण्याच्या कामी आले!

मग नौदलाची गोदी, नांगरलेली जहाजे, मधल्या खडकावरचे जुने तोफखान्याचे ठाणे ही एकामागून एक सरकत जातात. उत्तरेला तेलाची जहाजे जिथे लागतात ते जवाहर द्वीप, त्यामागे ट्रॉम्बेची टेकडी. पूर्वेकडे हवा स्वच्छ असेल तर कर्नाळ्याचा सुळका उभा दिसतो. बंदरात शिरणारे खलाशी याच सुळक्याच्या खुणेने वाट काढीत. दक्षिणेकडे मांडव्याच्या वाटेवर बुडत्या खडकावरचा दीपस्तंभ लागतो, तो १८८४ सालचा. आणि त्याहून खाली, थळच्या समोर, खांदेरीचे बेट. १६७९ साली शिवछत्रपतींनी इंग्रज आणि सिद्दी यांच्या नाकावर टिच्चून तिथे किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी तो अडथळा पार पाडला आणि जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. मुंबईच्या तोंडाशी हे ठाणे असण्याचे महत्त्व पुस्तकात वाचून कळते, पण लाँचीच्या कठड्याशी उभे राहिल्यावर ते डोळ्यांना दिसते. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत खांदेरी आहे.

घारापुरीला तर जाच. लाँचीला तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद असतात तेवढे ध्यानात ठेवा. सहाव्या शतकातली ती लेणी, १८ फुटांच्या आसपास उंच असलेली महेशमूर्ती, यांचे वर्णन मी करीत नाही. ते पाहायचेच असते. काही अभ्यासक हीच कोकणच्या मौर्यांची पुरी मानतात. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने शेकडो नौका घेऊन त्या पुरीला वेढा दिला, असे ऐहोळेच्या ६३४ सालच्या शिलालेखात सांगितले आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले तो हत्ती इंग्रजांनी १८६४ साली उचलायला घेतला आणि फोडला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज राणीच्या बागेत आहे.

पण लेणी पाहून खाली उतरताना आणखी एक गोष्ट पाहा. या बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. हजार-बाराशे माणसे तिथे राहतात. जगभरातले प्रवासी ज्यांच्या दारावरून जातात त्यांच्या घरी कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राच्या तळाशी तार टाकल्यावर. मोठा दवाखाना, कॉलेज, कचेरी, सारे पाण्यापलीकडे. पाहुण्यांच्या तिकिटावर लाँची चालतात म्हणून बेटाला दिवसाच्या फेऱ्या मिळतात. शेवटची लाँच पाहुण्यांना घेऊन गेली की बेट पुन्हा बेट होते. म्हणजे सफरीचा उतारू आणि गरजेचा उतारू हे एकमेकांवर उपकार करीत असतात. दोघांपैकी एकाला ते ठाऊक नसते इतकेच.

त्या दोघांना जोडणारे आणखी एक नाते आहे, ते दुःखाचे. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची एक वेगवान बोट, इंजिनाची चाचणी चालू असताना, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचीवर आदळली. लाँचीत शंभरावर माणसे होती. पंधरा जण मृत्यू पावले. बंदराच्या पायलट बोटीने आणि जवळपासच्या लाँचींनी धावून जाऊन बाकीच्यांना वाचवले. त्या दिवसानंतर काही काळ प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट दिसू लागले. 'काही काळ' असे मी मुद्दाम म्हणतो. 'रामदास' गेली तेव्हाही चौकशी झाली होती, नियम झाले होते. नियम करणे सरकारचे काम आहे. पण लाँच भरली आहे, आता पुढच्या फेरीला जातो, असे म्हणणे आपले काम आहे. जाकीट उकडते म्हणून मांडीवर ठेवायचे आणि फोटोपुरते घालायचे, ही हौस महागात पडते.

२०२५ साली गेटवेजवळ रेडिओ क्लबच्या बाजूला नवी जेट्टी बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आणि त्यावरून न्यायालयात वादही झाले. कोणाला तिथे गर्दी नको होती, कोणाला सोय हवी होती. अशा वादात एक पक्ष नेहमी गैरहजर असतो : तो मोऱ्याच्या चिखलात ओहोटी संपायची वाट पाहत बसलेला असतो. गेटवेला संगमरवर लागो न लागो, मोऱ्याचा आणि रेवसचा गाळ वेळेवर उपसला जातो की नाही, धक्क्यावर सावली आणि पिण्याचे पाणी आहे की नाही, म्हाताऱ्या माणसाला पायरीवर हात द्यायला कोणी असते की नाही, यावर या शहराची पाणवाट चांगली की वाईट हे ठरायला हवे.

म्हणून वाचकहो, पुढच्या सुट्टीला एवढे करा. गेटवेची सफर एकदा झालीच असेल, तर या वेळी डॉकयार्ड रोडला उतरून भाऊच्या धक्क्यावर या आणि रेवसचे साधे तिकीट काढा. खिडकीजवळची जागा धरण्याची घाई करू नका. पाटी घेऊन आलेल्या मावशींना आधी बसू द्या. जाकीट अंगात घाला. मग तांडेलाला काशाचा खडक कुठे ते विचारा, तो हाताने दाखवील. रेवसला उतरून एसटीने अलिबाग गाठा, कुलाब्याचा किल्ला पाहा आणि संध्याकाळच्या लाँचीने, कामावरून परतणाऱ्यांबरोबर, माघारी या. तिकिटाला पडतील ते पैसे देऊन तुम्ही नुसता समुद्र पाहिलेला नसेल. ज्यांना ही फेरी उद्याही हवी आहे, त्यांच्यासाठी ती चालू ठेवायला तुमचाही थोडा हातभार लागलेला असेल.